नमुना आणि ठाण



वसंत व्याख्यानमालेत संगीतावर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा घराण्यांची, नाट्यपदांची, फार तर भावगीताची असते. आज आम्ही बोलणार आहोत ते अमेरिकेतल्या पाच वादक-गायकांच्या एका तबकडीविषयी. तिचे नाव ‘फॉलिंग इन्टू इन्फिनिटी’. ती १९९७ च्या सप्टेंबरात निघाली. तिच्यातले संगीत कर्णकर्कश म्हणून बदनाम झालेल्या जातीचे आहे. आणि खरे सांगावयाचे तर त्या पाच जणांच्या सर्वोत्तम कृतींत तिची गणना होत नाही. मग तिच्यासाठी आपली संध्याकाळ आम्ही का घ्यावी?

घ्यावी अशासाठी, की कृती उत्तम साधली म्हणजे तिची शिवण दिसत नाही. अर्धीमुर्धी साधलेल्या कृतीची शिवण मात्र ठिकठिकाणी उसवलेली असते, आणि तिथून आत डोकावून पाहता येते. पैसा आणि कला यांचा व्यवहार कसा चालतो, कोण कोणाला काय सांगतो, कोण कुठे नमते आणि नमल्याने नेमके काय बिघडते, हे या तबकडीइतके स्वच्छ क्वचितच दिसते. हा व्यवहार आपल्यालाही अपरिचित नाही. नाटक मंडळीचा मालक आणि नाटककार, प्रकाशक आणि लेखक, निर्माता आणि दिग्दर्शक यांच्यात तो रोज चालतो. पैसे ज्याचे त्याने आकार ठरवावा, की आकार ज्याला कळतो त्याने? प्रश्न एवढाच आहे. पण तो प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो.

प्रथम ही मंडळी कोण ते सांगतो. बॉस्टन शहरात बर्कली कॉलेज ऑफ म्यूझिक नावाची एक नामांकित संगीतसंस्था आहे. तिथे १९८५ साली तीन विद्यार्थी एकत्र आले. जॉन पेट्रूची गिटार वाजवी, जॉन मायंग बेस गिटार वाजवी, आणि माइक पोर्टनॉय ड्रम वाजवी. त्यांनी आपल्या संचाचे नाव ‘मॅजेस्टी’ ठेवले होते. पण ते नाव आधीच दुसऱ्या कोणी घेतलेले निघाले. तेव्हा पोर्टनॉयच्या वडिलांनी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावच्या एका चित्रपटगृहाचे नाव सुचविले. ते होते ‘ड्रीम थिएटर’. तेच पुढे कायम झाले.

त्यांच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट सोपी आहे. १९७० च्या सुमारास इंग्लंडात यस, जेनेसिस यांसारखे संच लांबलचक, अनेक अंगांच्या रचना बांधू लागले होते. कॅनडात रश नावाचा संच त्याच वाटेने गेला. दुसरीकडे आयर्न मेडन, मेटालिका यांचे जोरकस, वेगवान, गिटारीच्या गर्जनेचे संगीत होते. ड्रीम थिएटरने पहिल्यांचा विस्तार आणि दुसऱ्यांचा जोर एकत्र आणला. तिकडच्या लोकप्रिय संगीतात चार मात्रांचा ठेका हा जवळजवळ कायदाच असतो. ही मंडळी पाच, सात, नऊ अशा मात्रांत खेळतात आणि एकाच गाण्यात चारदा लय पालटतात. रूपकाच्या सात मात्रांवर सहज मान डोलाविणाऱ्या आपल्या श्रोत्याला यात मोठे नवल वाटणार नाही; पण रेडिओवर मोटार चालविता चालविता गाणे ऐकणाऱ्या अमेरिकन माणसाला ते नवल होते, आणि रेडिओवाल्याला ते संकट होते.

पहिली तबकडी १९८९ साली निघाली आणि फारशी कोणाला न कळता गेली. गायक बदलला. पुष्कळ शोधानंतर जेम्स लाब्री हा कॅनडाचा गायक मिळाला आणि १९९२ साली ‘इमेजेस अँड वर्ड्स’ ही दुसरी तबकडी आली. तिच्यातले पहिले गाणे ‘पुल मी अंडर’. ते आठ मिनिटांहून मोठे आहे. त्याचे शब्द कीबोर्ड वाजविणाऱ्या केव्हिन मूरचे, आणि त्यामागे छाया आहे ती हॅम्लेटची. आगरकरांच्या ‘विकारविलसिता’तून तो हॅम्लेट आपल्याकडे केव्हाच आलेला आहे. आता आठ मिनिटांचे गाणे, मृत राजपुत्राचा विषय, आणि ठरल्याप्रमाणे न संपता मध्येच तुटणारा शेवट! कोणत्याही व्यवहारी माणसाने हे चालणार नाही असेच सांगितले असते. ते चालले. अमेरिकेतील रॉक गाण्यांच्या रेडिओ-यादीत ते पहिल्या दहांत गेले, एमटीव्ही या दूरचित्रवाहिनीवर दिसू लागले, आणि तबकडीला पाच लाख प्रतींसाठी मिळणारा सुवर्ण-दर्जा मिळाला.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी अशी विनंती आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. चित्रफितीसाठी हे गाणे कापून लहान केले होते. म्हणजे कात्री तेव्हाही चाललीच. पण ती कोठे चालली? आपल्या बाजारपेठेतला कापडदुकानदार गिऱ्हाइकाला दाखविण्यासाठी ठाणाच्या कडेचा एक तुकडा कापतो. त्याला नमुना म्हणतात. तो तुकडा पाहून गिऱ्हाईक दुकानात येते आणि आत अख्खे ठाण जसेच्या तसे असते. ‘पुल मी अंडर’च्या बाबतीत कंपनीने नमुना कापला, ठाणाला हात लावला नाही. ज्याने लहान आवृत्ती ऐकून तबकडी विकत आणली, त्याला घरी आठ मिनिटांचे मूळ गाणे सापडले, आणि त्याच्या मागोमाग आणखी मोठ्या रचना सापडल्या.

आता कंपनीची बाजू ऐकली पाहिजे. ती न ऐकता निकाल देणे हा आपल्या कलाचर्चेचा जुना दोष आहे. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात कंपनी कलावंताला आगाऊ रक्कम देते. आपल्याकडच्या शब्दात सांगावयाचे तर उचल देते. स्टुडिओचे भाडे, ध्वनिमुद्रकाचे वेतन, चित्रफितीच्या खर्चाचा वाटा, हे सारे त्या उचलीत किंवा तिच्या जोडीने कलावंताच्या नावे लिहिले जाते, आणि त्याच्या हिश्शातून ते फिटेपर्यंत त्याच्या हाती मानधन पडत नाही. बहुतेक तबकड्यांची उचल फिटत नाही. ज्या थोड्या चालतात त्यांच्यावर कंपनी जगते. तेव्हा ‘चालणारे एक गाणे द्या’ हा कंपनीचा आग्रह निव्वळ लोभातून येत नाही, भीतीतूनही येतो. आणि भिण्याजोगे कारण घडलेही होते. १९९१ च्या सप्टेंबरात सिएटलकडच्या निर्व्हाना या संचाची ‘नेव्हरमाइंड’ ही तबकडी आली आणि दोनतीन वर्षांत हवा पालटली. साधी, खरखरीत, थोड्या सुरांची गाणी लोकांना हवीशी झाली. गिटारीवरची लांब, अवघड कसरत जुनाट वाटू लागली. १९९४ साली ड्रीम थिएटरची ‘अवेक’ ही तिसरी तबकडी निघाली तेव्हा ती विक्रीच्या अमेरिकन यादीत ३२ व्या जागी पोहोचली खरी, पण ‘पुल मी अंडर’सारखे दुसरे गाणे तिच्यातून निघाले नाही. तबकडी निघण्याआधीच केव्हिन मूर संच सोडून गेला. त्याच्या जागी डेरेक शेरिनियन आला. ज्या अधिकाऱ्यांनी या मंडळींना हौसेने घेतले होते त्यांचा कंपनीतला काळही सरत आला होता, आणि नव्या माणसांपुढे जुने प्रेम नव्हते. जुने आकडे होते.

मध्यंतरी एक घटना घडली, तिच्याकडे कंपनीने नीट पाहिले असते तर पुढचा इतिहास कदाचित निराळा झाला असता. ‘अ चेंज ऑफ सीझन्स’ नावाची एक दीर्घ रचना या मंडळींनी १९८९ सालापासून बांधून ठेवली होती. ती १९९२ च्या तबकडीत मावली नाही. तिची कीर्ती मैफलींतून पसरली आणि श्रोत्यांनी कंपनीकडे रीतसर मागणीअर्ज केला की ही रचना आम्हाला ध्वनिमुद्रित स्वरूपात मिळावी. १९९५ साली ती निघाली. लांबी २३ मिनिटे. श्रोते लांबीला भितात हे गृहीत धरणाऱ्या धंद्यापुढे श्रोतेच येऊन लांब रचना मागत होते. पण अर्ज करणारे श्रोते थोडे असतात, आणि कंपनीचा डोळा अर्ज न करणाऱ्या लाखांवर असतो. तिने अर्जाचा मान राखला. त्याचा अर्थ मात्र घेतला नाही.

आता १९९६-९७ सालाकडे येऊ. मंडळी नव्या रचना बांधून कच्चे ध्वनिमुद्रण करीत होती. कंपनीकडून होकार येत नव्हता. आणखी गाणी करा, लहान करा, रेडिओवर चालतील अशी करा, असे निरोप येत होते. एवढ्या काळात दोन तबकड्यांना पुरतील इतक्या रचना जमल्या. त्यांत ‘मेट्रोपोलिस’चा दुसरा भाग होता. १९९२ च्या तबकडीत ‘मेट्रोपोलिस, भाग १’ अशा नावाची एक रचना होती. त्या ‘भाग १’ मुळे दुसरा भाग कधी येणार असे श्रोते सारखे विचारीत, म्हणून हा वीस मिनिटांहून मोठा दुसरा भाग बांधला होता. जोड-तबकडी काढावी असा मंडळींचा मानस होता. कंपनीने नकार दिला. एकच तबकडी निघेल, आणि तीही कंपनी सुचवील त्या निर्मात्याच्या हाताखाली. हा निर्माता म्हणजे केव्हिन शर्ली. शिवाय गीतरचनेला मदत म्हणून डेस्मंड चाइल्ड या गीतकाराकडे एक गाणे सोपविले गेले. चाइल्ड हा आपल्या विद्येतला मोठा माणूस. किस, बॉन जोव्ही, एरोस्मिथ या संचांची अतिशय लोकप्रिय झालेली गाणी घडविण्यात त्याचा वाटा आहे. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न त्याची विद्या या घरात लागू पडते का, एवढाच होता.

तबकडी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातल्या ॲव्हटार स्टुडिओत १९९७ च्या उन्हाळ्यात ध्वनिमुद्रित झाली. अकरा रचना, एका कॉम्पॅक्ट डिस्कवर मावते तितके, म्हणजे सुमारे ७८ मिनिटांचे संगीत. ती एकसारखी वाईट असती तर आम्ही तिच्यावर बोललो नसतो. ती एकसारखी नाही, यातच तिचा धडा आहे. त्यातली चार उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण चाइल्डकडे गेलेल्या गाण्याचे. त्याचे मूळ नाव ‘यू ऑर मी’, म्हणजे ‘तू किंवा मी’. पेट्रूचीबरोबर बसून चाइल्डने ते पुन्हा बांधले, आणि ते ‘यू नॉट मी’ झाले, म्हणजे ‘मी नव्हे, तू’. ध्रुवपद पटकन जिभेवर बसेल असे सुबक झाले. पण गाणे ऐकताना वाटते की पाहुण्याचा सदरा घालून यजमान फोटोला उभा आहे. सदरा चांगला आहे. खांद्यात बसत नाही. आणि गंमत अशी की ज्यासाठी हे केले ते रेडिओवरचे यशही त्याने मिळविले नाही. पोर्टनॉयने या गाण्याबद्दलची नाराजी पुढे कधी लपविली नाही.

दुसरे उदाहरण ‘बर्निंग माय सोल’चे. ही रचना मूळ मोठी होती आणि तिच्या पोटात एक निव्वळ वाद्यसंगीताचा भाग होता. शर्लीच्या सूचनेवरून तो भाग बाहेर काढला आणि ‘हेल्स किचन’ या नावाने स्वतंत्र ठेवला. येथेही कात्रीच चालली. पण निघालेला तुकडा चार मिनिटांची एक डौलदार, सावकाश चढत जाणारी रचना झाला, आणि पुष्कळ रसिकांना तो या तबकडीतला सर्वांत निर्मळ भाग वाटतो. तेव्हा बाहेरच्या माणसाने कापले म्हणजे बिघडलेच, असा नियम करता येत नाही. ही कात्री ज्याच्या हाती होती तो त्या वेळी कापड पाहत होता.

तिसरे उदाहरण ‘हॉलो इयर्स’ या हळुवार गाण्याचे. ते एकटे गाणे म्हणूनही काढले गेले. तबकडीत ते नीटनेटके, आटोपशीर आहे. पण कच्च्या ध्वनिमुद्रणात त्याचे रूप अधिक ऐसपैस होते. पुढे २००४ च्या एप्रिलमध्ये टोकियोच्या बुडोकान सभागृहातल्या मैफलीत ही मंडळी ते गाणे गाऊ लागली तेव्हा त्यांनी ते जुने रूप घेतले, आणि पेट्रूचीने त्यात गिटारीचा मोठा विस्तार केला. सात वर्षांनंतर, कोणी विचारणारे नसताना, कलावंत कोणत्या रूपाकडे परत जातो ही साक्ष आम्हाला फार मोलाची वाटते.

चौथे उदाहरण शेवटच्या रचनेचे. ‘ट्रायल ऑफ टिअर्स’ ही सुमारे १३ मिनिटांची, तीन भागांची रचना आहे. शब्द मायंगचे, जो सहसा बोलत नाही. तिला आणि तिच्या आधीच्या बारा मिनिटांच्या ‘लाइन्स इन द सँड’ला कोणी लहान केले नाही. कंपनीचे लक्ष तबकडीच्या तोंडाकडे, रेडिओजोग्या गाण्यांकडे होते. शेवटाकडे कोणी फारसे पाहिले नाही. आणि ज्याकडे फारसे कोणी पाहिले नाही तेच आज टिकले आहे. ‘ट्रायल ऑफ टिअर्स’ २००४ च्या त्या बुडोकान मैफलीतही वाजली.

या चार गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे काय दिसते? गाण्याची लांबी ही बिघाडाची खूण नाही. चार मिनिटांचे ‘हेल्स किचन’ उत्तम आहे आणि पाच मिनिटांचे ‘यू नॉट मी’ बेतलेले वाटते. कात्री कोणाची हेही निर्णायक नाही. निर्णायक एकच: कापणाऱ्याने समोरची रचना ऐकली होती का, की दुसऱ्या कुठल्या तरी चाललेल्या गाण्याचा कागदी बेत तिच्यावर ठेवला?

येथे कोणी जाणकार आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. तो म्हणेल, कलेला बाहेरची मर्यादा कधी नव्हती? जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीनसाडेतीन मिनिटांत संपे. मिरजेच्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँनी त्या तेवढ्या जागेत ‘जमुना के तीर’ ही भैरवी ठुमरी गायिली, आणि खाँसाहेब १९३७ साली गेले तरी ती अजून गेलेली नाही. तास-दीड तास रंगणारा गवई जर तीन मिनिटांत मावू शकतो, तर या अमेरिकन पोरांनी आठाची पाच मिनिटे केली म्हणून एवढे रडगाणे कशाला?

आक्षेप खरा आहे, पण त्यात दोन निराळ्या गोष्टी एका पोत्यात घातल्या आहेत. एक मर्यादा आणि दुसरे दडपण. तीन मिनिटे ही यंत्राची मर्यादा होती. ती खाँसाहेबांना होती तशी सर्वांना होती. आणि त्या तीन मिनिटांत काय गावे, कोठे थांबावे, कोणता स्वर धरून ठेवावा हे खाँसाहेब ठरवीत. मर्यादा अंगण लहान करते; दडपण अंगणात कसे चालावे ते सांगते. १९९७ साली यंत्राची अडचण उरली नव्हती. एका डिस्कवर ७८ मिनिटे मावत होती आणि दोन डिस्कही काढता येत होत्या. अडचण अंदाजाची होती: लोकांना काय आवडेल याबद्दल काही माणसांनी बंद खोलीत बांधलेल्या अंदाजाची. आणि हा अंदाज कशाच्या आधारावर होता? या मंडळींचे जे एक गाणे प्रचंड चालले होते ते आठ मिनिटांचे होते. जे यश बाजाराला न विचारता मिळाले होते ते बाजाराला विचारून पुन्हा मिळवू पाहण्याचा हा प्रकार. विहिरीला पाणी लागले ते खोल खणल्यामुळे. आता तेच पाणी पुन्हा हवे म्हणून उथळ खणा, असा हा सल्ला होता.

आता परिणाम पाहू. ‘फॉलिंग इन्टू इन्फिनिटी’ अमेरिकन यादीत ५२ व्या जागेवर अडली. ‘अवेक’च्या वीस पायऱ्या खाली. म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या फूटपट्टीने मोजले तरी हा बेत फसला. जुने श्रोते नाराज झाले, नवे आले नाहीत. संचाच्या आतही तडे गेले. पोर्टनॉय इतका उबगला होता की सगळे सोडून द्यावे या विचारापर्यंत तो आला. त्याची चीड याच तबकडीत ‘जस्ट लेट मी ब्रीद’ या त्याने लिहिलेल्या गाण्यात आहे; त्यात या धंद्याची आणि एमटीव्हीची भरपूर खरडपट्टी काढली आहे. कंपनीने ते गाणे तसेच छापून विकले. त्या उदारतेचे कौतुक करावे की तिच्या बेफिकिरीचे नवल करावे, हे आम्ही श्रोत्यांवर सोडतो. धंद्याला निषेध चालतो, तो ठरल्या वेळेत संपत असला म्हणजे झाले!

यापुढे पोर्टनॉयने एक गोष्ट केली आणि तिला आम्ही या कथेचे मर्म मानतो. त्याने अट घातली. पुढची तबकडी आम्ही करू, पण ती करीत असताना कोणी आत यायचे नाही; नाहीतर मी नाही. कंपनीने ती अट मान्य केली. शेरिनियनच्या जागी जॉर्डन रूडेस हा कीबोर्डवादक आला, आणि पोर्टनॉय व पेट्रूची यांनी निर्मात्याचे कामही स्वतःकडे घेतले. हाती घेतले ते काय? तेच, नाकारलेले, वीस मिनिटांचे ‘मेट्रोपोलिस’. त्याचा विस्तार होत होत तो एका अख्ख्या तबकडीचा झाला: पूर्वजन्माच्या आठवणी, १९२८ सालचा एक खून, दोन अंकांची सलग कथा, सुमारे ७७ मिनिटे. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ बाहेर आली. यादीत ती ७३ व्या जागी गेली, म्हणजे आधीच्या तबकडीपेक्षाही खाली. त्या आठवड्याच्या फूटपट्टीने ती हरली. पण २००० साली न्यूयॉर्कमध्ये ती पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावर सादर झाली, आणि वीस वर्षांनी, २०२० च्या फेब्रुवारीत, लंडनमध्ये ती पुन्हा अख्खी वाजली आणि तिचे मुद्रण निघाले. या संगीताच्या जाणकारांत आज तिचे नाव पहिल्या ओळीत घेतले जाते. आठवड्याची यादी आणि वीस वर्षांची यादी या दोन निराळ्या वह्या आहेत, आणि धंद्याच्या टेबलावर सहसा पहिलीच उघडी असते.

एक तपशील सांगितल्यावाचून राहवत नाही. या १९९९ च्या तबकडीचे अंतिम ध्वनिमिश्रण बहुतांशी कोणाकडून करून घेतले? केव्हिन शर्लीकडून. ज्याच्या हाताखाली १९९७ ची तबकडी झाली तोच हा गृहस्थ! म्हणजे भांडण माणसाशी नव्हते, त्याच्या कसबाशीही नव्हते. तोच कारागीर धन्याच्या जागी बसला तेव्हा काम अवघडले, आणि सोबतीच्या जागी आला तेव्हा उपयोगी पडला. आकार ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर एकाच हाताचे गुण पालटतात.

मात्र या कथेची पुराणातली कथा करू नये. ‘कंपनी म्हणजे राक्षस, कलावंत म्हणजे देव, शेवटी देव जिंकला’ असे म्हणून टाळी घेता येईल, पण ते खरे होणार नाही. नाकारले गेल्यामुळे ‘मेट्रोपोलिस’ला दोन वर्षे मिळाली, आणि वीस मिनिटांचे बी त्या दोन वर्षांत झाड झाले, हे मान्य केले पाहिजे. १९९७ सालीच ते छापले गेले असते तर एक चांगली लांब रचना झाली असती आणि कदाचित तिथेच थांबली असती. पण याचे श्रेय नकार देणाऱ्याला देणे म्हणजे घर जळाल्यावर नवे बांधले म्हणून आगीचे आभार मानणे होय. आणि स्वातंत्र्य मिळाले म्हणजे कृती आपोआप चांगली होते असेही नाही. पुढच्या वर्षांत याच मंडळींच्या काही रचना उगाच लांबल्या, असे त्यांच्यावर प्रेम करणारेही म्हणतात. फरक एवढाच की ते दोष त्यांचे स्वतःचे होते; आणि स्वतःचा दोष कलावंताला काही शिकवतो, लादलेला दोष फक्त चिडवतो.

अजून एक आकडा सांगून हा भाग पुरा करतो. २०२२ साली या संचाला ‘दी एलियन’ या रचनेसाठी ग्रॅमी पारितोषिक मिळाले. रचनेची लांबी साडेनऊ मिनिटे. १९९७ साली जिला कापा म्हणून सांगितले गेले असते तिलाच पंचवीस वर्षांनी पारितोषिक! पोर्टनॉय त्या वेळी संचात नव्हता. तो २०१० साली गेला होता. २०२३ साली तो परत आला आणि २०२५ मध्ये त्याच्यासह ‘पॅरासोम्निया’ ही नवी तबकडी निघाली. ज्या माणसाने एकदा ‘अट मान्य नसेल तर मी नाही’ असे म्हटले, त्याला परत येण्यासाठी घर शिल्लक राहिले, यात त्या अटीचाही काही वाटा असावा असे आम्हाला वाटते.

श्रोतेहो, आता शेवटचा प्रश्न आपला आहे. पैसा आणि कला यांच्या भांडणात आपण स्वतःला बाहेरचे प्रेक्षक समजतो. वस्तुतः दोन्ही पक्ष बोलतात ते आपल्या नावाने. कंपनी म्हणते, ‘लोकांना हेच हवे आहे’; कलावंत म्हणतो, ‘लोकांना याहून जास्त कळते’. या दोघांतले खरे कोण, हे आपल्या वागण्यावर ठरते. नाट्यगृहात दुसऱ्या अंकाला उठून जाणारे आपण, पुस्तक जाड आहे म्हणून खाली ठेवणारे आपण, गाणे अर्धे ऐकून पुढचे लावणारे आपण. आपणच त्या बंद खोलीतल्या अंदाजाला पुरावा पुरवीत असतो. आणि १९९५ साली ज्या थोड्या श्रोत्यांनी २३ मिनिटांची रचना मागणारा अर्ज केला, त्यांनी उलट बाजूचा पुरावा दिला. त्यांची संख्या थोडी होती. पण मुकाट्याने आवडणाऱ्या लाखांपेक्षा स्पष्ट मागणाऱ्या थोड्यांचे वजन कलेच्या इतिहासात पुष्कळदा जास्त पडते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की दुकानदार नमुना दाखवील तर तो खुशाल पाहावा; त्यात त्याचा गुन्हा नाही, आपलाही नाही. पण नमुना पाहून घरी परतू नये. ठाण उलगडून दाखवा असे म्हणण्याची सवय आपण ठेवली, तर ठाण विणणारा हात धीट राहतो. आपण ती सवय सोडली की हळूहळू पेठेत नमुनेच विणले जाऊ लागतात, आणि मग पूर्वीसारखे कापड मिळत नाही म्हणून हळहळणारे पहिले आपणच असतो.